अडतीस अंश

डॉक्टरनं अंगठ्यानं अठरा ठिकाणी दाबलं.
स्टेनवर अठरा वेळा ‘हो’ म्हणाली.
रक्त, क्ष-किरण, सगळं मात्र ठीक.

आता ती बेतानं जगते.
तीन बटाटे सोलायचे, मग बसायचं.
जिना दिवसातून एकदाच.
बरं वाटलं त्या दिवशीही
खिडक्या पुसायला घ्यायच्या नाहीत,
हे शिकायला चार वर्षं गेली.

पहाटे सहाला, बर्फ भुरभुरत असताना
फ्योर्डकाठच्या गरम कुंडात
ती गळ्यापर्यंत उतरते.
ट्रॉलरवर जन्म काढलेला ओद्दुर
काही न विचारता सरकतो,
फवाऱ्यापाशी जागा करून देतो.

दुखणं जात नाही.
थोडं लांब होऊन
पलीकडच्या पायरीवर बसतं,
तिचे ओले केस
गोठून कडक होईपर्यंत.