खाली बसलेली गाडी

रात्री उभी करतो ती गाडी
सकाळी बघतो तर बसलेली असते,
पुढच्या डाव्या पायावर,
गंगावेशीत धार काढून झालेल्या म्हशीसारखी.
"एअर सस्पेन्शन," इलाही मिस्त्री म्हणाला,
"फुगा फाटलाय. दोन्ही बाजूचे घाला,
एकटा घातला तर दुसरा रुसतो."
एका फुग्याचे एक लाख दहा हजार.
मी काही जत्रेतलं पोर नाही,
तरी दोन घेतले.

नवी सत्तर लाखाला होती म्हणे.
मी नवव्या वर्षी, पुण्याच्या एका डॉक्टरकडून
साडेअकराला उचलली आणि आठवडाभर
स्वतःलाच हुशार म्हणत हिंडलो.
सर्व्हिस बुकात पहिली पाच वर्षं शिक्केच शिक्के,
पुढची पानं कोरी.
कोरं पान काय सांगतं
ते तेव्हा वाचता आलं नाही.
"गाडी सत्तर लाखाचीच असते, शेठ,
तुम्ही फक्त दार साडेअकराचं उघडलंय."
हेही इलाहीच म्हणाला. पण नंतर.

शिरोलीला माझी फाउंड्री.
तीस वर्षं लोखंड ओततोय, ट्रकांचे ब्रेक-ड्रम,
आणि ह्या तीनशे चाळीस घोड्यांचं पाणी
जातं कुठून, तर प्लॅस्टिकच्या नळीतून!
कागलच्या पुढं चढाला वाफ निघाली.
नळी हातात घेतली, तिचा बिस्किटासारखा चुरा झाला.
कंपनी म्हणाली, येईल जर्मनीहून, सहा आठवडे.
उद्यमनगरात कुंभोजे अण्णांनी
लेथवर ॲल्युमिनियमची करून दिली, दिवेलागणीच्या आत.
पैसे किती, विचारलं तर
"ऱ्हाऊ द्या. तेवढ्याचं पेट्रोल टाका," म्हणाले
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघून हसले.

शैलजा गाडीत बसत नाही.
"मी रिक्षानं जातो. तुमच्या त्या बाईचं
परत तेल गळालंय, फरशी पुसून दमलो."
व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. अडतीस हजार.
बॅटरी बदलली तर कॉम्प्युटरला
तिची ओळख करून द्यावी लागते,
नाहीतर घरात घेत नाही.
टायर अठ्ठावीस हजाराचा, एक,
आणि पंक्चरवाला आधी हात धुऊन येतो.
सगळं वहीत आहे. लाल कापडी वही,
फाउंड्रीच्या कपाटात न ठेवलेली.

वहीत नाही ते असं :
महिन्यातून एकदा, पहाटे साडेचारला,
तवंदी घाटाच्या तोंडाशी मी तिसऱ्यात येतो,
काच खाली घेतो, पाय दाबतो,
आणि पंचावन्न वर्षांच्या माझ्या पाठीवर
कुणीतरी तळवा ठेवतं,
सायकल शिकवणारा माणूस ठेवतो तसा.
तो कधी सोडतो ते कळत नाही.

काल इचलकरंजीचा एक पोरगा आला. प्रज्योत मगदूम.
यंत्रमागाशेजारी वाढलेला, साधं बोलतानाही ओरडतो.
मी वही पुढं केली. म्हटलं, पहिल्यापासून वाच.
मागचा उजवा पाय पण आता रुसायला लागलाय, तेही सांगितलं.
त्यानं पान उलटलं नाही.
"काका, एकदा चालू करा की."
थंड इंजिन. पहिले दोन सेकंद टायमिंगची साखळी खडखडली.
"ही साखळी," मी म्हटलं, "तीन लाख. आज ना उद्या."
मग सहाही सिलिंडर एका श्वासावर आले.
त्याबद्दल मी काही बोललो नाही.
तोही पहिल्यांदाच गप्प होता.

आत बसण्याआधी त्यानं चपला काढल्या.
इलाही शेजारी बसला, बेल्ट लावून, तोंड कडू करून.
गाडी हळूहळू गुडघ्यांवर उठली
आणि गेली.

आवाज बराच वेळ येत होता, मग
हायवेच्या आवाजात कुठला तिचा ते कळेना.
मी फाटकापाशी, काखेत वही.
ऊन वर आलं तशा
त्याच्या चपला उचलून
सावलीत ठेवल्या.