व्हिओलाचा भाग

विल्यांदीच्या चौकातलं औषधांचं दुकान मोडीत निघालं,
व्हॅलेरियन, कापूर, जळवा अशी जर्मन अक्षरं मिरवणाऱ्या
चिनी मातीच्या बरण्या लिलावात गेल्या,
आणि वजनकाट्यामागच्या खणात
सुतळीनं बांधलेलं एक पुडकं उरलं.
लिलाववाल्यानं ते मला फुकट दिलं, वर म्हणाला,
शेगडी पेटवायला बरं पडेल.

लेबरेख्ट टीझेन, औषधविक्रेता.
चार वाद्यांसाठी, एफ मायनर, १८४७.
पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो.
व्हिओला नाही.

व्हिओला मी वाजवते.

आम्ही शनिवारी हेल्येच्या स्वयंपाकघरात जमतो,
कारण तिची भट्टी रात्रीपर्यंत ऊब धरून ठेवते.
हेल्ये निवृत्त पोस्टमास्तरीण, मारेत भूगोल शिकवते,
तावेत आठवडाभर दात उपटतो आणि मग चेलोला मिठी मारतो.
आज तुला सुट्टी, म्हणाले.
मी बसले. वाद्य मांडीवर, गज ताणलेला.

पहिला भाग ऐकून आम्ही थोडे हसलो.
गिऱ्हाइकापुढे वाकावं तसे वाकणारे सूर,
गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही,
पुडी बांधून हातात.
मग दुसरा भाग.
हेल्येचं व्हायोलिन काहीतरी विचारतं
आणि थांबतं, मधल्या खुर्चीकडे बघत.
मधल्या खुर्चीत मी.
दोन मात्रा.
मग चेलो पाऊल टाकतो
अंधारात नसलेल्या पायरीवर.

तीन महिने आम्ही ते तसंच वाजवलं.
दात पडला की जीभ तिथंच जाते, तावेतला विचारा.
माझ्या नसलेल्या मात्रा मी मोजत राहिले,
इतक्या, की झोपेतही बोटं मिटायची, उघडायची.
चर्चच्या वहीत माणसाबद्दल दीड ओळ मिळाली:
कर वेळेवर भरतो, खोकला जुना.
संगीताचा उल्लेख नाही.

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ करडा पडला
तेव्हा मारेतनं लिलावातली बरणी बाहेर काढली,
काकड्या खारवायच्या म्हणून.
जळवांची? हेल्ये किंचाळली.
धुतलीये गं.
झाकणाच्या आत कागदाची एक चकती चिकटलेली होती,
जळवांना हवा मिळावी म्हणून
सुईनं टोचून टोचून चाळण केलेली.
पाच रेघा. मधल्या सुराची किल्ली.
अकरा घरं.

कुणी कापला असेल कागद?
नोकरपोऱ्यानं, की एखाद्या संध्याकाळी त्यानंच,
दुकान बंद करून, ओठ घट्ट मिटून?
कडा वेड्यावाकड्या आहेत, एवढंच सांगता येतं.
सुराचं टिंब कुठलं आणि जळवेचं भोक कुठलं
हे ठरवायला आम्ही कागद दिव्यासमोर धरला,
आणि भिंतीवर उजेडाचे बारीक थेंब पडले.

मला वाटलं होतं, ते उत्तर असेल.
नव्हतं. चकती शेवटच्या भागातली निघाली,
जिथं काही कमी आहे असं
आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.
अकरा घरं, एकच सूर,
सगळ्यात जाड तार, मोकळी, बोट न ठेवता.
एवढंच? तावेत म्हणाला.
एवढंच.
वाजवलं. वरची दोन व्हायोलिनं
आजवर किती जपून चालत होती
ते तेव्हा कळलं.
हेल्येनं मध्येच गज खाली ठेवला
आणि चहाचं आधण बघायला गेली,
आधण ठेवलेलंच नव्हतं.

दुसऱ्या भागात मी अजून गप्पच असते.
मारेत म्हणते, तूच लिही की चार सूर.
कोरा कागद आणलाय मी, खणात आहे.
पण बाकीच्या बरण्या रीगाच्या एका हॉटेलवाल्यानं घेतल्यात,
तो त्यांत फुलं ठेवतो म्हणे.
त्याला काल पत्र टाकलं:
महाशय, आपण मला ओळखत नाही.
फुलं राहू द्यात.
फक्त झाकणं फेकली नसतील
तर कृपा करून
ती उलटी करून बघाल का?