पाणी सोडताना

आधी आम्ही कूलरवर आळ घेतला.
मे महिना, वैशालीनगर, तिसरा मजला.
या दिवसांत घरात ओल दिसली
की नागपुरात दुसऱ्या कुणाचं नाव निघत नाही.
कूलर बंद ठेवून पाहिला. रात्रभर भाजून निघालो.
सकाळी पाणी तिथंच, मोरीच्या उंबऱ्याशी,
करंगळीएवढा ओहोळ
आणि त्यावर फेस.
कूलर साबण लावत नाही.

रवींद्र म्हणाला, नवीन घेऊन टाकू.
तो घरातल्या प्रत्येक आवाजाला हेच म्हणतो.
मेकॅनिक नुसतं पाहायचे साडेचारशे मागत होता,
तेही सोमवारनंतर.

मंगळवारी, दुसऱ्या पाळीत, खाट नंबर चारवर
रंगारीकाकांना मशीनवर घेतलं.
सुया लावल्या, पट्ट्या चिकटवल्या,
नळीतून लाल रंग चढत गेला,
आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले,
घरची मशीन गळून राहिली, काका.

काकांनी सूतगिरणीत तीस वर्षं पंप उघडलेले.
डोळे मिटलेलेच.
"भरतानी गळते, का फिरतानी,
का पाणी सोडतानी?"
माहीत नाही, म्हटलं.
"मंग तुले फरशी माहीत आहे, सिस्टर. मशीन नाही."

(मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे.
अकरा वर्षं सांगते आहे.)

चार तास होते.
"पाणी दिसते तिथं गळत नसते.
ते आधी उताराले लागते, मंग तुमच्या नजरेले.
पेपर अंथर. पावडर मार.
तिले एका वेळी एकच काम करू दे,
अन् तू बसून राहा."
मध्येच त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.
दोघंही गप्प झालो.
कोपरातून हात वाकला होता, नळी मुडपली होती,
तेवढंच. हात सरळ केला.
काका पुढचं वाक्य विसरले
आणि मीही विचारलं नाही.

बुधवारी सुट्टी.
खाली चार पेपर अंथरून मशीन भरली. कोरडं.
फिरवली, पंधरा मिनिटं, समोर स्टुलावर बसून.
कपडे नसले की ती फार पोकळ फिरते.
कोरडं.
मग खटका ड्रेनवर नेला,
आणि डाव्या कोपऱ्यात
सोन्याचे भाव भिजायला लागले.

प्लग काढला. तिची पाठ उजेडाकडे फिरवली.
मागच्या पत्र्याचे आठ स्क्रू, त्यातले दोन आधीच नव्हते.
आत बोअरच्या पाण्याचा पांढरा खर,
पालीची दोन अंडी,
आणि अर्पिताची ती हेअरक्लिप
जी शाळेत हरवली म्हणून मी तिला मारलं होतं.
ती फ्रीजवर ठेवली. आल्यावर बघू.

नळीला टाल्कम पावडर फासली,
अर्धी बादली ओतली, पाणी सोडलं.
पावडरीवर हळूहळू एक काळी रेघ उमटली,
क्लिपेच्या कडेला, नखाएवढी चीर.
क्लिपेनंच कापली होती,
दहा वर्षं घट्ट धरून.

रवींद्र टॉर्च धरून उभा होता.
"चिकटपट्टी लावायची का?"
नाही. टोकाचं इंचभर कापून टाकायचं,
गरम पाण्यात बुडवून रबर मऊ करायचं
आणि चांगला भाग ओढून बसवायचा.
कॉटन मार्केटच्या बाजूला क्लिप मिळाली, पंधरा रुपये.
दुकानदार म्हणाला, मिस्त्रीला विचारा कोणत्या मापाची.
मी खिशातून कापलेला तुकडा काढून
काउंटरवर ठेवला.
तो म्हणाला, बरं.

शुक्रवारी काकांनी वजनकाट्यावरूनच विचारलं,
"कोरडी?"
कोरडी.
"नळी तोकडी झाली असन. ताणून बसवली का?"
थोडी.
"मंग टिकन सालभर.
पुढच्या मे महिन्यात सांगजो."

सांगते, म्हटलं.
त्यांच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवली.
आतली थरथर नीट लागत होती.
मग सुई उघडली.