स्विच कुणाच्या घरात

मानखुर्दची शाळा, दुसरा मजला.
बाकं भिंतीला लावून आम्ही गोल उभे राहिलो,
तेवीस पोरं, एक मी
आणि कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी,
टोकाला टोक गाठलेली.

सैल धरा, म्हटलं, मुठीतून सरकू दे.
मी झाले सेल. ओढायला लागले,
तर खोलीच्या पार पलीकडे
फिरदौसच्या हातातली दोरी त्याच क्षणी हलली.
"बाई, तुमच्याकडची अजून इथवर आलीच नाही,
मग ही कुठली?"
तुझ्याच मुठीतली, बाळा.
वीज सेलातून निघून धावत येत नाही,
ती तारेत असतेच, आधीपासून.
सेल नुसता रेटतो.

प्रज्योत, तू बल्ब. आवळून धर.
त्यानं दातओठ खाऊन धरली,
तशी सगळ्यांचीच दोरी मंदावली,
त्याच्या एकट्याची नाही.
"आई गं, चटका!" तळवा लालबुंद.
बल्बचंही हेच होतं रे,
तो ओरडत नाही, उजळतो.

मग मी गाठ सोडली.
टोक सुटून पोरांच्या पायात लोळलं, एकच हशा.
इथे मात्र दोरी खोटं बोलते, सांगितलं,
तार तुटली म्हणून वीज सांडत नाही,
जिथल्या तिथे थांबते.
हे कितपत कळलं, देव जाणे.
घंटा झाली होती.

गृहपाठ: घरातल्या दिव्याचं सर्किट काढा.

ओवी साळवेच्या वहीत
खोली, बल्ब, दोन तारा.
तारा पत्र्याच्या भोकातून बाहेर,
गटार ओलांडून पुढच्या पानावर,
कुलसुमखालाच्या घरात.
स्विच तिथे.
"दहाला झोपते ती, बाई. मग आमचा पण जातो."

चूक काहीच नव्हती.
जायची वाट होती, यायची होती,
कुठेही फट नाही.
मी लाल पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

भिंतीवर दोन बारीक ठिपके दिसले.
हे काय गं? शाई सांडली?
"नाही. अभ्यास राहिला की
मी तिथे दोनदा ठोकते."