शटडाउन, दिवस सत्ताविसावा

रुवैसला रात्री दोनची हवा
पिळून काढावी इतकी ओली.
लाइनमध्ये पाणी भरलंय, काटा बत्तीसवर,
आता तासभर नुसतं बघायचं
कुठे पाझरतंय का.

सोमवारी प्लांट चालू व्हायलाच हवा,
हे दिवसातून चार जण येऊन सांगतात
आणि बोट दाखवतात ते आमच्या घड्याळाकडे.

अशा वेळी तोडणकर जोक सांगतो. तोच, नेहमीचा.
सेल्वम मुका होतो, आणि त्याचा वेल्ड
इतका सुबक पडतो की रागच येतो.
निसार मुकादम परमिटवर सही करण्याआधी
तीनदा हात धुतो.
नवा पोरगा, नाव विचारायचं राहिलंय,
काल शिडीला टेकून उभ्याउभ्या झोपला
आणि पडला नाही.

मी ओरडतो.
घरी कधी आवाज चढला नाही माझा.
इथे थापाच्या हातून पाना निसटला
तर असं काही बोललो
की त्यानं तो उचलला, पुसला
आणि माझ्याच हातात दिला.

पावणेतीनला थेंब.
चौथ्या फ्लॅंजला, खालच्या अंगाला, मुगाएवढा.
‘घाम असेल पाइपाचा,’ तोडणकर म्हणाला.
कुणी हसलं नाही. सोमवार सगळ्यांना पाठ होता.

थापानं टोपीनं टिपला.
आम्ही वाकून बघत राहिलो.
पुन्हा आला.

‘प्रेशर उतरवा,’ मी म्हणालो,
घरातल्या आवाजात.

काटा खाली येईपर्यंत
तोडणकरनं तोच जोक सुरू केला
आणि शेवट विसरला.