दम

सावळजला, बेदाणा शेडच्या मागं,
चुन्याची फक्की मारून आम्ही मैदान आखतो.
मी पंच. शिट्टी माझी, छाती गंधकाची.
अकरा हंगाम धुरी दिली शेडमध्ये,
आता पाण्याच्या टाकीची शिडी चढलो
की आतच कुणीतरी शिट्टी वाजवतं.

रविवारी इर्शाद मुलाणी आणि मैथिली झांबरे
पोत्यात घालून घेऊन आले ठोंब्याला.
वायपरची मोटर तासगावच्या भंगारातल्या टेंपोची,
चाकं कुणाच्यातरी पांगुळगाड्याची,
हात म्हणजे पीव्हीसी पाइप, टोकाला रबरी हातमोजा,
पाठीवर झांबऱ्यांच्या फवारणी पंपाची बॅटरी,
सहाच्या आत परत हवी, असा दम भरूनच दिलेली.

"सातवा गडी कमी पडतोय सर," मैथिली म्हणाली,
"ओंकार विट्याला गेलाय, मावशीकडं."
नियमपुस्तक मी उघडलं नाही.
वजन तेवढं विचारलं.
"अकरा किलो. बॅटरीसकट."

चढाई.
ठोंब्या मध्यरेषा ओलांडून निघाला
वरातीतल्या मामासारखा, डुलत, कुणाकडं न बघता.
पोटातल्या डब्यातून आवाज इर्शादचा,
मोबाइलवर धरलेला:
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
राजवर्धन कोपऱ्यात वाकून घोटा शोधत राहिला.
घोटाच नाही, त्याचा पट काढायचा कसा?
हातमोजा गरकन फिरला, दोघांना शिवला,
तिसरा हसता हसता रेषेबाहेर.

मी बघत नव्हतो. ऐकत होतो.
चढाईत पाय फसवतात, खांदे फसवतात,
डोळे तर त्यासाठीच असतात.
दम फसवत नाही, म्हणून पंचानं कान द्यायचा.
आणि चौदाव्या की पंधराव्या कबड्डीला
ऐकू आली आत ओढलेली हवा,
सुपातून एक दाणा घसरावा एवढी.

शिट्टी. दम तुटला. बाद.

सगळं मैदान अंगावर आलं.
"त्याला दमच न्हाई सर, तर तुटंल कसा?"
रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून खाली उतरला,
तोही त्यांच्याच बाजूनं.
म्हटलं, पुन्हा लावा.
डब्याभोवती सगळे उकिडवे बसले, डोक्याला डोकं लावून.
कबड्डी कबड्डी, आणि मग, हप्.
कबड्डी.

इर्शादचे कान तांबडे झाले.
तीन रात्री जागून त्यानं तुकडे जोडले होते,
तांदळातले खडे वेचावेत तसा
एकेक श्वास काढून टाकत.
एक राहिला.
"माझा हाय त्यो," म्हणाला, आणि उठला.

ठोंब्या रेषेबाहेर, बाद गड्यांच्या रांगेत पहिला.
त्याच्यामागं त्यांचे आणखी तिघं बसले, एकेक करून.
पावणेसहाला झांबरे आले.
खरड छाटणी उरकलेली, सांजेला औषध मारायचं होतं.
त्यांनी उभ्या उभ्या दोन वायरी उपटल्या,
बॅटरी खांद्यावर टाकली, गुण विचारले, गेले.

त्यानंतरच्या चढाईत मैथिलीनं एकाला शिवलं
आणि मातीत लोळत रेषा गाठली.
"एक गडी जिवंत!" मी ओरडलो,
ओरडल्यावर कळलं.
नियम एवढाच आहे, जो आधी बाद तो आधी जिवंत.
रांगेतला दुसरा अर्धा उठलाही होता.
सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग ठोंब्याकडं,
पाठीवर दोन वायरी लोंबत होत्या, तांबडी आणि काळी.
मग माझ्याकडं.
मी घड्याळात बघत बसलो.

इर्शादनं त्याला काखेत मारलं,
उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं,
हातमोज्यातली माती झटकून तो पुढं वळवला.

राजवर्धन चढाईला आला.
चौघांनाही हुलकावण्या दिल्या, बोनसची रेषा चाटून आला,
पण उजव्या कोपऱ्यापासून हातभर लांबूनच,
तोंडानं कबड्डी कबड्डी,
एक डोळा त्या मोज्यावर ठेवून.