बाकीचं अंधुक करा

घाडीगावकरांनी पाकिटातून फोटो काढला,
आधी शर्टाला पुसला, मग काउंटरवर ठेवला.
विक्रोळी, एकोणनव्वद सालची कॅरमची फायनल,
कन्नमवार नगर विरुद्ध टागोर नगर.
"हा आमचा दिगू. एवढाच उठून दिसायला हवा.
बाकीचं अंधुक करा."
सोमवारी मंडळाच्या खोलीत लागणार,
दोन बाय तीन. खिळा ठोकून तयार आहे.

स्कॅन केला. बुरशीचे ठिपके काढले.
मग दिगूच्या कडेकडेनं माउस फिरवत गेले,
कान, कॉलर, स्ट्रायकरमागे वाकवलेलं बोट.
केसांपाशी अडले, नेहमीसारखी.
मग एकेक माणूस मागे सारला.
चष्मेवाला पंच विरघळला.
खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं
उघड्या तोंडांसकट धुक्यात गेली.
पावडरचा डबा, भिंतीवरचं कॅलेंडर,
कुणाचं तरी अर्धंच हसू,
सगळ्यांचा रंग थोडा थोडा काढून घेतला.
हे करताना मला काही वाटत नाही. धंदा आहे.
लग्नाच्या फोटोंतून जावा पुसल्यात मी,
एकदा तर अख्खा नवरा.

दिगू आता एकटा.
चेहऱ्यावर जरा उजेड टाकावा म्हणून गेले
तर टाकायला जागाच नव्हती.
उजेड आधीच होता, बरोब्बर हवा तिथे,
कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, राणीच्या लाल काठावर,
माझ्या स्लायडरला जमला नसता इतका नेमका.

उजेडाच्या उलट वाटेनं वर गेले.
कागदाची टोपी घातलेला बल्ब, कडेला निम्मा कापलेला.
त्याच्या डावीकडे वायर गुंडाळलेली मूठ,
आणि एक कोपर. पुढे फोटोच संपतो.

"हा हात कुणाचा?"

"तो होय." घाडीगावकर स्क्रीनजवळ वाकले.
"त्या दिवशी छताचा हूक निखळला. मग धरला मीच.
तीन बोर्ड. जरा हललो की दिगू ओरडायचा,
सावली पडते रे!
पुसा तो. उगाच मध्ये येतोय."

"चटके बसले असतील."

"शंभरचा होता," म्हणाले,
आणि शर्टाची बाही सारखी केली,
जी सारखीच होती.

मी क्रॉपची चौकट कोपरापर्यंत ओढली,
थोडी आत, परत बाहेर.
म्हटलं, उद्या या, सातनंतर.
ॲडव्हान्स राहू दे.

ते गेल्यावर पंच धुक्यातच ठेवला, पोरंही.
दिगूला हात लावला नाही.
फक्त डावीकडे, वर,
कोपरावरचं धुकं बोटभर मागे घेतलं.

हार मोठा असला
तर झाकलं जाईल.